घरातलं पहिलं बोन्साय विकत घेण्याआधी

लाखांदूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे. धानाचा नाही, कर्जाच्या हप्त्याचा नाही. घरात कुंडीत ठेवतात त्या बुटक्या झाडाचा, म्हणजे बोन्सायचा. पैशाचा विषय मात्र त्यात आहेच, तो ओघानं येईल.

बोन्साय म्हणजे शहरातल्या मोठ्या बैठकीतलं झाड, आपल्याला त्याचं काय, असं आम्हालाही वाटायचं. पण आता ते मोबाइलवर दिसतं, वडशा-भंडाऱ्याच्या रोपवाटिकेत दिसतं, प्रदर्शनात दिसतं. कुणाच्या लेकीनं नवं घर बांधलं, शाळेतल्या बाईंची बदली झाली, की साडीचोळीऐवजी झाड द्यावं अशी टूम निघाली आहे. चांगली टूम आहे. फक्त दिलेलं झाड दोन महिन्यांत वाळलं, तर देणारी आणि घेणारी दोघींनाही ते लागतं. आमच्या बाबतीत तर ते गटाच्या नोंदवहीपर्यंत गेलं.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक विक्रेता टेम्पो भरून झाडं घेऊन आला. प्रत्येक झाड चकचकीत चिनीमातीच्या ताटलीत, वर पांढरे गोटे, खोड नागासारखं वळवलेलं. वीस झाडं उचलली तर तीनशे रुपयांना एक, म्हणाला. आम्ही दहाजणी. महिन्याला शंभर रुपये बचत करतो. सहा हजार म्हणजे आमची सहा महिन्यांची बचत. तरी आम्ही ठराव केला आणि वीस झाडं घेतली, पुढे विकून नफा वाटून घ्यायचा म्हणून. पुढाकार आमचाच होता, म्हणजे गटाचं कामकाज पाहणाऱ्यांचा, हे इथं सांगायला हवं. एका मावशीनं त्याच दिवशी विचारलं होतं, "झाडाले कोंडून ठेवाचं अन् त्याले शोभा म्हणाचं? अन् मेलं त मंग?" आम्ही हसलो होतो.

वीसपैकी बारा झाडं जुनिपरची होती. सुरूसारखी बारीक, टोचरी पानं असलेलं झाड. चित्रात बोन्साय म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा हेच. "घरातलं झाड आहे, कोपऱ्यात ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी द्या," असं आम्हाला सांगितलं होतं आणि तेच आम्ही गिऱ्हाइकांना सांगितलं. बारापैकी चार पाचशे रुपयांना विकलीही गेली. मेच्या अखेरीस बाराच्या बारा खलास. आणि यातली खोच अशी की जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. मूळ कुजलेलं किंवा सुकलेलं असतं, पण पानांचा रंग जात नाही. म्हणजे आम्ही रोज सकाळी ज्याला कौतुकानं पाणी घालत होतो, ते कदाचित होळीलाच मेलेलं होतं. एक बाई पिशवीत तपकिरी झाड घेऊन परत आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसती पिशवी ओट्यावर ठेवली. आम्ही चौघांचेही पैसे परत केले.

उरलेली आठ झाडं फायकसची. त्यातली तीन कुजली, कारण ताटलीला खाली भोकच नव्हतं. चार आम्ही साडेचारशेप्रमाणे विकली आणि एक ठेवून घेतलं. हिशेब मांडला तेव्हा सहा हजारांतले अठराशे परत आले होते, चार हजार दोनशे बुडाले होते. त्या मावशीनं तीन महिने बचत भरली नाही. तिचं चुकलं असं आम्ही म्हणू शकलो नाही.

म्हणून पुढचं सगळं सांगतो आहोत. ते पैसे भरून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, "घरातलं बोन्साय" अशी झाडाची जात नसते. बोन्साय हा जपानी शब्द, अर्थ साधारण थाळीत लावलेलं झाड. त्याआधीपासून चीनमध्ये ही कला होती, तिथून ती जपानात गेली. झाड मात्र कुठलंही असो, ते झाडच असतं, त्याला उजेड लागतो. जपानी चित्रांतले पाइन, मेपल, जुनिपर ही बाहेर वाढणारी झाडं आहेत. त्यांना उघड्यावरचं ऊन-वारा लागतो आणि थंडीत विसावा लागतो. खोलीत ती टिकत नाहीत, जपानातही टिकत नाहीत. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं एक पाइनचं बोन्साय १९४५च्या अणुबॉम्बमधून वाचलं आणि १९७६ साली त्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये ते आजही आहे, आणि १६२५ पासून ते थाळीत वाढवलं जातंय अशी त्याची नोंद आहे. चारशे वर्षांचं झाड. तेही बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलं असतं तर एक वर्ष काढलं नसतं.

मग आपल्या घरात काय टिकेल? जी झाडं मुळात उष्ण देशातली आहेत आणि कमी उजेड, कोरडी हवा थोडीफार सोसतात ती. नवशिक्या बाईनं दोनच नावं लक्षात ठेवावीत. जेड आणि नांदरूक.

जेड म्हणून रोपवाटिकेत दोन वेगळी झाडं मिळतात. एकाची पानं मोठी, जाड, चमच्यासारखी. दुसऱ्याची पानं करंगळीच्या नखाएवढी, गोलसर, आणि कोवळ्या फांद्या लालसर. बोन्सायसाठी हे दुसरं, छोट्या पानांचं घ्या. मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, तिकडे हत्ती ते खातात म्हणे आवडीनं, आणि तुटून पडलेल्या फांद्या पुन्हा रुजतात. पान आणि खोड दोन्हीत ते पाणी साठवतं, म्हणून तुम्ही आठवडाभर माहेरी गेलात तरी रुसत नाही. त्याला पाणी कमी पडून मारणं कठीण, जास्त पाजून मारणं फार सोपं. पान सुरकुतलं आणि माती कोरडी असेल तर तहान आहे. पान पिवळं, लिबलिबीत होऊन गळत असेल तर पाणी जास्त झालंय. या दोन खुणा कळल्या की जेड कळलं.

नांदरूक तुम्ही पाहिलेलं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. वडाच्या कुळातलं, छोट्या चकचकीत पानांचं झाड. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात कापून गोल केलेलं दिसतं. रोपवाटिकेत त्याला फायकसच म्हणतात. याचाच एक प्रकार जिनसेंग बोन्साय म्हणून विकतात, त्याच्या मुळ्या रताळ्यासारख्या फुगलेल्या असतात आणि वर कलम केलेली पानं. जिनसेंग औषधाशी त्याचा काही संबंध नाही, नुसतं दिसण्यावरून नाव पडलंय. वाईट नाही ते झाड, दणकट असतं. पण कलमाच्या खालून फूट आली तर ती काढून टाकावी लागते, नाहीतर वरचा भाग मागे पडतो. आमच्या मते साधं बिनकलमी नांदरूक जास्त देखणं होतं, वेळ लागतो इतकंच.

फायकसची एक सवय माहीत असू द्या. जागा बदलली की ते पानं गाळतं. बाजारातून घरी आणलं, आठ-दहा दिवसांत निम्मी पानं खाली. घाबरून बाई त्याला आणखी पाणी घालते आणि तिथं खरं मरण सुरू होतं. काही करू नका. उजेडात ठेवा, माती वरून सुकली की पाणी द्या, महिन्याभरात नवी पालवी येते.

बोगनवेल, चिंच, अडेनियम यांची बोन्साय सुंदर होतात, पण ती अंगणातली, उन्हातली. अडेनियमचा चीक विषारी असतो. घरात रांगतं मूल किंवा दारात बकरी असेल तर ते नकोच. फायकसचा पांढरा चीकही डोळ्यात जाऊ देऊ नये, फांदी कापल्यावर हात धुवावेत.

पिंपळाचं विचाराल. जुन्या विहिरीच्या काठाला, शाळेच्या भिंतीला उगवलेलं पिंपळाचं, उंबराचं रोप फुकट मिळतं आणि बोन्साय करणारे त्यासाठी धडपडतात. पण पानं मोठी, उजेडाची भूक मोठी, पहिल्या झाडाला ते नको. शिवाय घरात पिंपळ चालत नाही असं अनेकींच्या सासूबाई म्हणतात. त्या वादात आम्ही पडत नाही, नांदरूक घ्यावं आणि घरात शांतता ठेवावी. आणि जंगलातून झाड उपटून आणू नका. आपल्या तालुक्याला जंगल लागून आहे, मोह होतो, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही.

खुरट्या झाडानं घराची वाढ खुंटते, असंही ऐकायला मिळतं. आणि मावशीचा तो प्रश्न, झाडाला कोंडायचं का? आम्ही याचा विचार केला. नीट ठेवलेल्या बोन्सायला उपाशी ठेवत नाहीत. खत, पाणी, उजेड सगळं देतात, आणि मुळं-फांद्या छाटून आकार सांभाळतात, जसं आपण कुंपणाची मेंदी छाटतो. छाटलं की ते नव्यानं फुटतं. पुण्यात २०१८च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांनी बोन्साय नमस्ते नावाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. एका जागी ३,३३३ बोन्साय मांडली आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. तिथली झाडं रोगट असती तर एवढं पाहायला कोण गेलं असतं? तरी ज्यांना पटत नाही त्यांनी ठेवू नये. मावशीला अजून पटलेलं नाही. तिच्या घरी तुळस आहे आणि ती छान वाढली आहे.

आता प्रत्यक्ष विकत घेताना. आधी महिना पाहा. मार्च ते मे आपल्याकडे झाड विकत घ्यायचंच नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, टेम्पोतून, एस.टी.तून येतानाच अर्धा जीव जातो. पहिला पाऊस पडून हवा गार झाली की आषाढापासून नवरात्रापर्यंत घ्या. मोबाइलवरून मागवू नका, निदान पहिलं तरी नको. झाड हातात घेऊन पाहायची वस्तू आहे, बाजारात वांगं घेताना आपण देठ पाहतोच ना.

ताटली उलटी करून किंवा वर उचलून खाली भोक आहे का पाहा. भोक नसेल तर तिथंच सोडा, कितीही देखणी असू दे. मग वरचे गोटे बोटानं हलवा. पुष्कळदा ते डिंकासारख्या कशानं चिकटवलेले असतात, वाहतुकीत सांडू नयेत म्हणून. त्यातून पाणी खाली जात नाही, हवाही नाही. आमच्या वीसही झाडांना तसेच होते आणि आम्ही ते शोभा म्हणून पुसत बसलो. तुमच्याकडे असं झाड आधीच असेल तर आज तो थर फोडून काढा.

खोड धरून अगदी हलकं हलवा. डुलत असेल तर झाड कालच लावलंय, मुळं धरलेली नाहीत. अशा झाडाला बोन्सायची किंमत देऊ नका. सालीला नखानं जरासं खरवडा, विक्रेत्याला विचारून. आत हिरवं ओलं दिसलं तर जिवंत. तार गुंडाळलेली असेल तर ती सालीत रुतलीय का बघा. रुतलेल्या तारेचा वण वर्षानुवर्षं जात नाही. पानाच्या मागे, फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. एका झाडाबरोबर तो घरभर होतो.

आणि वळवलेल्या खोडाला भुलू नका. नागमोडी खोड हे कारखान्यात काढल्यासारखं सगळ्यांचं एकसारखं असतं. खाली जाड, वर निमुळतं होत गेलेलं खोड आणि चहूबाजूंनी मातीत शिरणाऱ्या मुळ्या, हे ज्या झाडाला आहे ते पुढे चांगलं दिसतं, मग आज ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत का असेना. खरं सांगायचं तर पहिलं बोन्साय हे बोन्साय म्हणून घेऊच नये. जेडचं किंवा फायकसचं साधं, जाड खोडाचं रोप घ्या. आम्हाला जेडची रोपं ऐंशी रुपयांना मिळाली होती. वर्षभर ते जगवा, मग छाटा, मग थाळीत घ्या. मेलं तरी ऐंशीच रुपये गेले.

घरी आणल्यावर कुठं ठेवायचं? कवेलूच्या जुन्या घरात आतल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथं काहीच जगणार नाही. जिथं भरदुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो, ती जागा. पूर्वेची खिडकी उत्तम, ओसरीची कड त्याहून उत्तम. पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात भाजून काढते. टीव्हीवर नको, कूलरच्या झोतात नको. शक्य असेल तर दोन झाडं ठेवा, एक आठवडा एक आत, दुसरं बाहेर सावलीत, मग पाळी बदलायची. झाड आठवड्यातून एकदा फिरवून ठेवा, नाहीतर ते एकाच बाजूला वाकतं.

पाण्याचं वेळापत्रक आम्ही सांगणार नाही, कारण तेच चुकतं. बोट मातीत एक पेर घाला. फायकसला वरची माती कोरडी लागली की पाणी, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. जेडला पूर्ण सुकल्यावरच. मेमध्ये उथळ थाळीतल्या फायकसला रोज सकाळ-संध्याकाळ लागेल, पावसाळ्यात चार-चार दिवस लागणार नाही. आणि छतावरच्या टाकीतलं दुपारचं पाणी कधीही घालू नका. ते इतकं तापलेलं असतं की हात लावला तर आपण मागे घेतो. बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी घाला.

माती म्हणाल तर बांधीतली कन्हार नको, ती थाळीत सिमेंटसारखी बसते. विटांचे बारीक तुकडे, धूळ चाळून काढलेली जाड रेती आणि जुनं शेणखत, तिन्ही सारखं. जेडला खत कमी, रेती जास्त. फायकसची थाळी दोन वर्षांनी पावसाच्या सुरुवातीला बदलायची, मुळांचा तिसरा हिस्सा छाटून. जेड छाटल्यावर आठवडाभर पाणी नाही. पिठ्या ढेकूण आलाच तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपायचा, किंवा लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं.

आता गटाचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. त्याच वर्षी जुलैत आम्ही तीन जेडची रोपं घेतली. फांद्या कापून चार दिवस सावलीत सुकवल्या, जखम कोरडी झाल्यावर लावल्या. चाळीस जगल्या. कुंभारदादांकडून दोन भोकांच्या उथळ मातीच्या थाळ्या करून घेतल्या, तीस रुपयांना एक. त्यांना आधी वाटलं आम्ही दिवाळीच्या पणत्यांचं काहीतरी चुकीचं सांगतोय. सव्वा वर्ष वाढवून, दीडशे रुपयांना एक, अशी सव्वीस झाडं विकली. प्रत्येकीबरोबर चिठ्ठी देतो, कुठं ठेवायचं, पाणी कधी नाही घालायचं. त्या पिशवी घेऊन आलेल्या बाईंना एक पाठवलं होतं, विकत नाही. त्यांनी ते ठेवून घेतलं.

हा धंदा सगळ्या गटांनी करावा असं आम्ही म्हणणार नाही. लाखांदुरात गिऱ्हाईक थोडं, वडशा आणि भंडाऱ्यापर्यंत जावं लागतं, आणि वर्षभर हातात काही पडत नाही. विक्री ३,९०० रुपयांची, रोपं आणि थाळ्यांचा खर्च १,४४० रुपये, हाती २,४६०. आमची मजुरी त्यात धरलेली नाही. बुडालेल्या ४,२०० पैकी अजून १,७४० रुपये यायचे आहेत, आणि ओसरीवर चौदा झाडं उभी आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी पाऊस लागल्यावर या. झाड नाही घेतलं तरी जेडची एक फांदी देऊ, घरी नेल्यावर चार दिवस सावलीत सुकवा आणि मग लावा.